संगणकाची मेमरी कोण खातंय?

विंडोज एक्सपीच्या काळात घड्याळाशेजारी एक फुगा वर यायचा. व्हर्च्युअल मेमरी कमी पडते आहे, विंडोज पेजिंग फाइल मोठी करते आहे, तोवर काही प्रोग्रॅमांच्या मागण्या नाकारल्या जातील, अशा अर्थाचा मजकूर त्यात असे. आताच्या विंडोजने सूर बदलला आहे. माहिती गमवायची नसेल तर फायली सेव्ह करा आणि हे हे प्रोग्रॅम बंद करा, असं ती सांगते आणि खाली नावं देते. दुखणं मात्र तेच आहे.

मेमरी म्हटलं की घरातल्या बहुतेकांना मोबाइलमधलं ‘स्टोरेज फुल’ आठवतं. मग संगणकातले लग्नाचे व्हिडिओ पेनड्राइव्हवर हलवले जातात, जुनी गाणी उडवली जातात, आणि गंमत म्हणजे कधी कधी त्यानंतर तो संदेश खरोखरच यायचा थांबतो. संगणक दुकानात नेला तर ‘फॉरमॅट मारावा लागेल’ हे ठरलेलं उत्तर मिळतं. फॉरमॅटनंतरही काही आठवडे सगळं सुरळीत चालतं आणि मग पहिले पाढे पंचावन्न. दोन्ही वेळा औषध दिलं गेलं, पण निदान झालंच नाही. कारण इथे दोन वेगळी दुखणी एकाच नावाखाली वावरतात. एक त्या संदेशाचं, दुसरं संगणक रडतखडत चालण्याचं. दोघांची मुळं शेजारी आहेत, पण एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही.

कुठल्याही प्रोग्रॅमला विंडोज खऱ्याखुऱ्या रॅमचा, म्हणजे मुख्य मेमरीचा, पत्ता कधीच देत नाही. प्रत्येकाला स्वतःचा, स्वतंत्र, भलामोठा पत्त्यांचा पट्टा मिळतो आणि आपण एकटेच या यंत्रावर राहतो अशी त्याची समजूत असते. या पट्ट्याचे चार-चार किलोबाइटचे तुकडे पाडलेले असतात, त्यांना पेज म्हणतात. कुठलं पेज या क्षणी रॅममध्ये आहे आणि कुठलं डिस्कवर, याची नोंदवही विंडोज ठेवते. डिस्कवरच्या पेजची गरज पडली की प्रोग्रॅमला थांबवून ते पेज रॅममध्ये आणलं जातं आणि काम पुढे सुरू होतं. प्रोग्रॅमला या उलाढालीचा पत्ताही नसतो. डिस्कवर ज्या फाइलमध्ये ही पेजं ठेवली जातात ती पेजफाइल. सी ड्राइव्हच्या मुळाशीच ती असते, पण लपवलेली असल्याने सहसा दिसत नाही.

ही युक्ती मायक्रोसॉफ्टच्या जन्माआधीची आहे. इंग्लंडमध्ये मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न यांच्या चमूने घडवलेला ॲटलस हा संगणक डिसेंबर १९६२ मध्ये सुरू झाला. त्याच्या मुख्य मेमरीत १६ हजारांच्या आसपास शब्द मावत, आणि जोडीला असलेल्या फिरत्या चुंबकीय ड्रमवर ९६ हजारांच्या आसपास. तोपर्यंत कुठला तुकडा केव्हा आत आणायचा आणि केव्हा बाहेर काढायचा, याची आखणी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाच डोकं लावून करावी लागे. ॲटलसने ते काम यंत्राच्या गळ्यात घातलं. ५१२ शब्दांचं एक पेज, आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्यासाठी मुख्य मेमरी आणि ड्रम मिळून जणू एकच सलग कोठार. आज आपल्या टेबलावर जे चालतं त्याचा गाभा हाच आहे.

आता त्या संदेशाकडे येऊ. मंगल कार्यालयात आचाऱ्याला पाचशे पानं सांगितली आणि जेवायला तीनशेच आली, तरी शिधा त्याला पाचशेंचा भरावा लागतो. प्रोग्रॅमही अशीच पानं सांगतात. ब्राउझर म्हणतो, मला दीड जीबी लागेल, आणि प्रत्यक्षात त्यातला निम्माच वापरतो. विंडोज हा फार हिशेबी आचारी आहे. सगळ्यांनी सांगितलेली पानं रॅम आणि पेजफाइल मिळून भागणार असतील तरच तो होकार देतो. लिनक्सचा स्वभाव याच्या उलट. तो सगळ्यांना ‘हो’ म्हणतो, आणि खरंच सगळे आले तर एखाद्याला भरल्या पंगतीतून उठवतो.

या सांगितलेल्या पानांच्या बेरजेला विंडोजमध्ये ‘कमिटेड’ म्हणतात, आणि तिची कमाल मर्यादा म्हणजे रॅम अधिक पेजफाइल. बेरीज मर्यादेला भिडू लागली की संदेश येतो. म्हणजे रॅममध्ये थोडी जागा मोकळी असतानाही तो येऊ शकतो, कारण प्रश्न वापराचा नसून दिलेल्या हमीचा आहे. व्हिडिओ-गाणी हलवल्यावर संदेश का थांबतो, याचं उत्तरही इथेच आहे. सी ड्राइव्ह गच्च भरलेला असेल तर पेजफाइलला वाढायला वाव नसतो. जागा झाली की फाइल वाढते, मर्यादा वर सरकते, संदेश गप्प बसतो. व्हिडिओ-गाण्यांचा मेमरीशी तसा काही संबंध नव्हता.

संथपणाचं कारण वेगळं आहे. रॅममधून माहितीचा एक कण यायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला तोच कण शोधून द्यायला १० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात, म्हणजे एक लाख पट. रॅमचं काम एका सेकंदात होतं असं धरलं, तर हार्ड डिस्क त्याच हिशेबाने सव्वा दिवस घेईल. एसएसडीला १५-२० मिनिटं पुरतील. जुन्या लॅपटॉपमधली मिनिटाला ५४०० फेऱ्यांची डिस्क घ्या. तिची एक फेरी व्हायलाच ११ मिलिसेकंद लागतात, त्यामुळे ती बिचारी धावून धावून किती धावणार? जोवर अधूनमधून एखादं पेज आणायचं आहे, तोवर हे खपून जातं. पण चालू प्रोग्रॅमांना सतत लागणारी पेजं रॅममध्ये मावतच नसतील, तर एक पेज आत घेण्यासाठी जे बाहेर काढावं तेच पुढच्या क्षणी लागतं. मग संगणक काम सोडून नुसती ने-आण करत बसतो. माउसचा बाण अडखळतो, डिस्कचा दिवा विझत नाही, अक्षरं टाइप केल्यावर सावकाश उमटतात. या अवस्थेला थ्रॅशिंग म्हणतात. पीटर डेनिंग या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये तिची कारणमीमांसा केली होती, आणि उपायही सांगितला होता. एका वेळी तेवढेच प्रोग्रॅम चालू द्या ज्यांची चालू गरज मेमरीत मावेल.

यातून निघणारी गोष्ट स्पष्ट आहे. पेजफाइल मोठी केली तर संदेश थांबेल, पण थ्रॅशिंग थांबणार नाही. उलट आधी जिथे विंडोज ‘बस’ म्हणाली असती तिथे ती आणखी ओझं घेईल आणि आणखी हळू चालेल. म्हणून सेटिंगला हात लावण्याआधी तपासणी हवी.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात ‘परफॉर्मन्स’मध्ये जाऊन ‘मेमरी’ निवडा. बहुतेकांची नजर वरच्या आलेखावर आणि ‘इन यूज’ या आकड्यावर जाते. त्याच्या खाली, जरा दुर्लक्षित असा ‘कमिटेड’ आकडा असतो, मध्ये तिरकी रेघ असलेला. समजा ४ जीबी रॅमच्या घरगुती संगणकावर तिथे ७.४/७.९ दिसतं आहे. याचा अर्थ ७.९ जीबीच्या मर्यादेपैकी ७.४ जीबीची हमी देऊन झाली आहे, आणखी एखादी मोठी फाइल उघडलीत की संदेश ठरलेला. तेच तिथे ५.१/७.९ असेल, पण ‘इन यूज’ रॅमच्या काठोकाठ आणि शेजारी डिस्कचा आलेख सतत १०० टक्क्यांना टेकलेला असेल, तर दुखणं थ्रॅशिंगचं असण्याचा संभव जास्त.

आता खाणारा कोण ते बघायचं. टास्क मॅनेजरच्या पहिल्या पानावरची ‘मेमरी’ची रांग इथे अर्धवट उत्तर देते, कारण ती फक्त रॅममधला वाटा दाखवते. ‘डिटेल्स’मध्ये जा, वरच्या कुठल्याही मथळ्यावर राइट क्लिक करा, ‘सिलेक्ट कॉलम्स’मधून ‘कमिट साइज’ची रांग आणा आणि तिच्यावर क्लिक करून उतरत्या क्रमाने लावा. रॅममध्ये दोनशे एमबी घेऊन साळसूद बसलेला एखादा प्रोग्रॅम इथे तीन जीबी अडवून बसलेला सापडू शकतो.

संदेश येऊन गेला आणि तुम्ही तेव्हा संगणकापाशी नव्हता, तरी बिघडत नाही. विंडोज त्याची नोंद ठेवते. स्टार्टमधून ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडा, ‘विंडोज लॉग्ज’मधल्या ‘सिस्टिम’मध्ये जा आणि २००४ क्रमांकाची ‘रिसोर्स एक्झॉशन डिटेक्टर’ची नोंद शोधा. व्हर्च्युअल मेमरी कमी पडल्याचं निदान झालं, असं सांगून त्या वेळी सर्वांत जास्त मेमरी घेणाऱ्या प्रोग्रॅमांची नावं आणि त्यांनी घेतलेले बाइट तिथे लिहिलेले असतात. संगणक दुरुस्त करणारेही ही नोंद क्वचितच उघडतात, याचं मला नवल वाटतं. एक सावधगिरी मात्र हवी. यादीत पहिला असलेला प्रोग्रॅम सर्वांत मोठा असतो, दोषी असतोच असं नाही. व्हिडिओ एडिटिंगच्या प्रोग्रॅमने चार जीबी घेणं हा त्याचा धंदाच आहे. प्रिंटरसोबत आलेल्या कुठल्याशा मदतनीसाने दोन जीबी घेतले, तर ते संशयास्पद.

असा संशयित सापडला तर त्याचा आकडा सकाळी, दुपारी, संध्याकाळी बघा. नुसता चढतच असेल आणि काम नसतानाही उतरत नसेल, तर ती गळती. मेमरी मागायची आणि परत द्यायला विसरायचं, असा दोष त्या प्रोग्रॅमच्या रचनेत असतो. रिस्टार्ट केल्यावर सगळं ठीक होतं आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच, ही तिची ओळख. गळतीपुढे रॅम किंवा पेजफाइल कितीही वाढवा, संदेश फक्त उशिरा येईल. प्रोग्रॅमची नवी आवृत्ती घ्यायची, नाहीतर तो काढून टाकायचा. कधी सगळ्या प्रोग्रॅमांची बेरीज करूनही ‘कमिटेड’चा आकडा भरत नाही. तेव्हा मेमरीच्याच पानावर ‘नॉन-पेज्ड पूल’ बघा. घरगुती संगणकावर तो सहसा काही शे एमबीत राहतो. तो काही जीबींवर गेला असेल, तर नेटवर्क कार्डाचा, अँटिव्हायरसचा किंवा तत्सम कुणाचा तरी ड्रायव्हर गळतो आहे.

बहुतेक घरांत मात्र चोर एवढा लांब नसतो, तो ब्राउझर असतो. २०१८ मध्ये प्रोसेसरमधली ‘स्पेक्टर’ ही त्रुटी उजेडात आल्यावर क्रोमने सुरक्षिततेसाठी वेगवेगळ्या वेबसाइटींना वेगवेगळ्या प्रक्रियेत चालवायला सुरुवात केली. ते शहाणपणाचं होतं, पण त्याची किंमत मेमरीत मोजावी लागते. ‘नंतर वाचू’ म्हणून उघड्या ठेवलेल्या तीस टॅब हा आता फुकटचा शौक राहिलेला नाही. क्रोममधलं ‘मेमरी सेव्हर’ आणि एजमधलं ‘स्लीपिंग टॅब्ज’ चालू करा, न लागणारी एक्स्टेन्शन काढा. दुसरा चोर म्हणजे संगणक सुरू होताच न विचारता जागे होणारे प्रोग्रॅम. टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’मध्ये त्यांची यादी असते, तिथेच ते थांबवता येतात. फॉरमॅटनंतर संगणक काही आठवडे का पळतो, त्याचं कारण ही यादी. फॉरमॅटने ती कोरी होते आणि आपण ती पुन्हा भरतो.

आणखी एक प्रकार लोकांना चकवतो. १६ जीबी रॅम आहे, ‘कमिटेड’ निम्म्यावर आहे, तरी एकच प्रोग्रॅम ‘आउट ऑफ मेमरी’ म्हणतो. तो ३२ बिटांचा आहे का ते बघा. अशा प्रोग्रॅमला पत्त्यांचा पट्टाच साधारण २ जीबीचा मिळतो, काही खास बांधणीच्यांना ४ जीबीपर्यंत. त्यापुढे जागा असूनही तिचा पत्ता त्याला लिहिता येत नाही. ६४ बिटांची आवृत्ती घेणे हाच उपाय. आणि डीटीपीवाल्यांना परिचित असलेली फोटोशॉपची ‘स्क्रॅच डिस्क फुल’ ही तक्रार विंडोजच्या पेजफाइलची नव्हेच. फोटोशॉप स्वतःची वेगळी तात्पुरती फाइल ठेवतो, तिला डिस्कवर जागा करून द्यायची.

हे सगळं बघून झालं, कुणी गळत नाही, कामच मोठं आहे, तर पेजफाइलकडे वळा. स्टार्टच्या शोधपट्टीत ‘परफॉर्मन्स’ हा शब्द इंग्रजीत टाइप करा आणि ‘ॲडजस्ट द अपिअरन्स अँड परफॉर्मन्स ऑफ विंडोज’ उघडा. तिथे ‘ॲडव्हान्स्ड’, मग ‘व्हर्च्युअल मेमरी’खालचं ‘चेंज’. सर्वांत वर एक चौकट असते, सगळ्या ड्राइव्हची पेजफाइल आपोआप सांभाळा, अशी. तिच्यात टिक असेल तर माझं मत सरळ आहे. ती तशीच राहू द्या आणि सी ड्राइव्हवर जागा करा. आपोआपच्या व्यवस्थेत फाइल रॅमच्या तिप्पट किंवा ४ जीबी, यांपैकी जे मोठं असेल तिथपर्यंत वाढू शकते. फक्त ड्राइव्हच्या एक अष्टमांशाच्या पुढे ती सहसा जात नाही.

टिक नसेल, तर कुणीतरी कधीतरी तिथे आकडे घालून ठेवलेले आहेत. बहुधा रॅमच्या दीडपट. हा दीडपटीचा नियम रॅम मेगाबाइटमध्ये मोजली जायची तेव्हाचा, आणि एक्सपीची सुरुवातीची नेमणूकही तशीच होती. मुळात तो उलटा आहे. रॅम जितकी जास्त तितकी पेजफाइलची गरज कमी व्हायला हवी, वाढायला नको. विंडोजच्या अंतरंगाचे जाणकार मार्क रुसिनोविच यांनी २००८ मध्ये साधा हिशेब सांगितला होता. नेहमीचे सगळे प्रोग्रॅम चालवून ‘कमिटेड’ जास्तीत जास्त किती चढतो ते बघा. त्यातून रॅम वजा करा, ती किमान साइज. तिच्या दुप्पट ती कमाल. म्हणजे ४ जीबी रॅम आणि चढाई ७ जीबीपर्यंत असेल, तर किमान ३ जीबी आणि कमाल ६ जीबी. आकडे एमबीत लिहायचे असतात, ३०७२ आणि ६१४४ असे. आकडे लिहिल्यावर शेजारचं ‘सेट’ बटण दाबायचं, मगच ‘ओके’. ‘सेट’ न दाबता ‘ओके’ केलं तर खिडकी निमूट बंद होते आणि बदल होतच नाही.

आपल्याकडे जुळणी करून घेतलेल्या संगणकात एकाच डिस्कचे सी, डी, ई असे वाटे पाडायची पद्धत आहे, आणि सी नेहमी उपाशी. अशा वेळी पेजफाइलचा मोठा भाग डीवर नेता येतो. त्याने जागा मिळते, वेग मिळत नाही, कारण डिस्क तीच. सीवर थोडी तरी फाइल ठेवा. विंडोज निळा पडदा दाखवून कोसळली, तर कारणाची नोंद करायला तिला ती लागते.

पेजफाइल बंदच करून टाका, सगळं रॅममध्ये राहील, असा सल्लाही हिरिरीने दिला जातो. तसं होत नाही. प्रोग्रॅमचा कोड त्याच्या मूळ फाइलमधूनच पुन्हा वाचला जातो, त्यामुळे डिस्कवरची ने-आण थांबत नाही. कमी होते ती फक्त मर्यादा, आणि संदेश आधी येतो. पेजफाइलमुळे एसएसडी झिजेल ही भीतीही अशीच. विंडोज ७ च्या वेळी मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी हजारो नोंदी तपासल्या, तेव्हा पेजफाइलवर एका लेखनामागे साधारण ४० वाचनं आढळली. झीज लेखनाने होते, वाचनाने नव्हे.

एका क्लिकमध्ये रॅम साफ करून देणाऱ्या प्रोग्रॅमांबद्दल एवढंच की ते सगळ्यांची पेजं बळजबरीने रॅमबाहेर ढकलतात. आलेख खाली येतो, बघणाऱ्याला बरं वाटतं, आणि पुढच्या मिनिटाला तीच पेजं परत आणावी लागतात. या जातीचा एक जुना नमुना ‘सॉफ्टरॅम ९५’. सिंक्रोनिस नावाच्या अमेरिकी कंपनीने तो १९९५ मध्ये बाजारात आणला. दावा असा की रॅम दुप्पट होईल. लाखो प्रती खपल्या. याच रुसिनोविच यांनी सहकाऱ्यांसह तो प्रोग्रॅम उकलून पाहिला, तर विंडोज ९५ वर तो मेमरीसाठी काहीच करत नव्हता. पुढे अमेरिकेच्या व्यापार आयोगाने कंपनीवर कारवाई केली. आज मोबाइलच्या जाहिरातीत ‘८+८ जीबी रॅम’ लिहिलेलं असतं. ती फसवणूक नव्हे, दुसरे ८ खरोखर मिळतात, पण ते स्टोरेजमधले असतात. म्हणजे पेजफाइलच, फक्त तिच्या डोक्यावर फेटा बांधलेला.

थ्रॅशिंगवर खरा इलाज रॅम वाढवणे हाच. विंडोज ११ ची किमान अट ४ जीबीची आहे, पण ब्राउझरसह रोजचं काम करायचं तर ८ च्या खाली राहण्यात अर्थ नाही. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्याच पानावर ‘स्लॉट्स यूज्ड’ असतं. तिथे ‘१ ऑफ २’ दिसलं तर जुनी पट्टी न काढता दुसरी बसवता येईल. डीडीआर ३, ४ आणि ५ एकमेकांच्या जागी बसत नाहीत, खाचच वेगळी असते, आणि लॅपटॉपची पट्टी डेस्कटॉपपेक्षा लांबीने निम्म्याच्या आसपास. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच झाळलेली असू शकते, तिथे वाढवायचा प्रश्नच येत नाही. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील आणि संगणकात अजून तबकडीची हार्ड डिस्क असेल, तर ८ जीबी असलेल्याने आधी एसएसडी घ्यावी, ४ जीबीवाल्याने आधी रॅम. रॅम वाढवल्यावर पेजफाइलच्या खिडकीत परत जा, हाताने घातलेले जुने आकडे काढा, वरच्या चौकटीत टिक करा आणि संगणक रिस्टार्ट करा.